बेगमी

वैशाख सरत आला की आमच्या मसोलीच्या वाडीत चिकूच्या दोन रांगांमध्ये एक जुनं गोणपाट अंथरलेलं दिसतं आणि त्यावर मातीच्या गोळ्या वाळत पडलेल्या असतात. हे काम राखणीच्या काकांचं. तळ्याच्या काठची चिकणमाती ते टोपलीभर आणतात, पाणी मारून रात्रभर ठेवतात आणि सकाळी ती चिमटीत घेऊन कुस्करत बसतात. खडा नको, काडी नको, मुळाचा तंतूही नको. मग थोडी माती तळहातावर घेऊन फिरवायची. फार दाबायचं नाही, फार सैलही सोडायचं नाही. पहिला दिवस सावलीत. थेट उन्हात टाकली तर गोळीला तडा जातो, आणि तडकलेली गोळी सुटता सुटताच फुटते. दुसऱ्या दिवशी ऊन, तेही परतून परतून. शेवटी चुलीतला जाळ ओसरला की उबदार राखेत एक रात्र. सकाळी काका दोन गोळ्या कानाजवळ नेऊन एकमेकींवर आपटतात. टक् असा कोरडा आवाज आला की ती डब्यात. बद्द वाजली की परत गोणपाटावर.

पाखरांचे दिवस तर अजून कितीतरी लांब, मग आताच एवढ्या गोळ्या कशाला, असं मी लहानपणी काकांच्या वडिलांना विचारलं होतं. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पावसात सुकवशील कुठं?"

एवढंच उत्तर. काकांचं भाताचं खाचर वाडीपलीकडे आहे. भाद्रपदाच्या अखेरीस दाणा दुधात येतो आणि तेव्हाच पोपट, मुनिया, सुगरणी थव्यांनी उतरतात. त्या वेळी माती चहूकडे असते, पण सगळी चिखल. ऊन पडलं तरी तासभर. गोळी हवी तेव्हा ती करता येत नाही, करता येते तेव्हा तिचा काही उपयोग नसतो. म्हणून डबा ज्येष्ठाआधी भरून, झाकण लावून, चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचा.

गोळ्या जातात गलोलीत. आता पोरांच्या हातात असते ती रबराची बेचकी. काकांची गलोल जुनी, बांबूची, धनुष्यासारखीच. फक्त तिला दोऱ्या दोन, आणि त्या दोघींच्या मधोमध विणलेली इवलीशी झोळी. गोळी झोळीत धरून ओढायची आणि सोडताना धनुष्याचा हात मनगटातून किंचित फिरवायचा. हे फिरवणं जमलं नाही तर गोळी आपल्याच अंगठ्यावर बसते. काका पाखराला मारायला बघत नाहीत, त्याच्या बाजूच्या पानावर मारतात. पान फाटल्याचा आवाज झाला की थवा उठतो. थवा उठला की काम झालं. पाखरू मारून काय करायचं, दुसरं येतंच.

आमच्या किनाऱ्यावर या दिवसांत प्रत्येक घर काही ना काही वाळवत असतं. आगोटीची खरेदी म्हणतात ती हीच. धाकटी डहाणू, चिंचणीकडच्या वाड्यांत मांगेली बायका बोंबील वाळत घालतात: एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची, की खिळा नको, टाचणी नको. समुद्राकडून वारा आला की सगळ्या ओळी एकदम हलतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते. बंदी सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बाहेर काढायची नाही हे ठरलेलं होतंच. त्या दिवसांसाठी सुकट, करंदी, सोडे, सुके बोंबील डब्यांत जातात. आमच्या घरात तांदूळ, वाल, तूरडाळ, वर्षाचं तिखट, मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे, सरपण, काड्यापेट्या. कौलं परतून घ्यायची. आजीची यादी तोंडपाठ असे. ती बोटं दुमडत म्हणायची आणि आजोबा मान हलवत ऐकायचे.

आजोबांच्या यादीत मात्र एक ओळ जास्तीची होती आणि ती ते मोठ्याने म्हणत नसत. दारू, केपा, छर्रे.

वाडीच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बारा बोअर होती. चिकूवर रात्री वटवाघळं उतरत, कंदांच्या वाफ्यात रानडुकरं घुसत. बंदूक बहुतेक वेळा हवेतच उडे. पण हवेत उडवलं तरी काडतूस खर्च होतंच आणि विकतचं काडतूस महाग. इंग्रजांच्या काळात एले आणि कायनॉकची विलायती काडतुसं मुंबईहून येत. पुढे आयात आवळली गेली आणि खडकीच्या कारखान्याचा माल येऊ लागला. हा कारखाना १८६९चा, म्हणजे आमच्या वाडीतल्या सगळ्यात जुन्या चिकूहूनही जुना. पण डहाणूच्या माणसाला खडकीचं काडतूस मिळायचं म्हणजे दुकानदाराकडे माल हवा, परवान्याच्या पुस्तकात शिल्लक हवी, आणि दुकानापर्यंत जायला सवड हवी. तिन्ही एकदम जुळणं कठीण. म्हणून जुन्या पिढीतले पुष्कळ बंदूकवाले करत तेच आजोबा करत: उडालेलं काडतूस फेकायचं नाही, परत भरायचं.

ती पेटी मी उघडी बघितलेली आहे. हिरवा रंग उडालेली पत्र्याची ट्रंक, आत खणांचा लाकडी ट्रे. एका खणात पितळी काडतुसं, उभी, तोंड वर करून. दुसऱ्यात छर्ऱ्यांचे डबे, नंबरांप्रमाणे. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे उलटं गणित आम्हां मुलांना फार आवडे. आठ नंबर मोहरीएवढा. एलजी म्हणजे मोठे दाणे, त्यांना हात लावायचा नाही. एक दांडीचं पितळी माप, दारू मोजायचं. गुळगुळीत लाकडी दांडका. जाड पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या चकत्या. आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं एक छोटं हँडलचं यंत्र, कागदी काडतुसाची कड आत वळवायला. केपांची, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोप्यांची, डबी चपटी, गोल, आतून तेलकट. ती आजोबा स्वतः उघडत आणि स्वतःच बंद करत.

कागदी काडतुसावर त्यांचा राग होता. कारण पावसाळा. आमच्याकडची हवा आषाढात अशी होते की उशीसुद्धा ओली लागते. कागदी नळी ती ओल पिते, फुगते, आणि ऐन वेळी बंदुकीत जातच नाही. डुक्कर समोर, बंदूक मोडलेली, आणि काडतूस अर्धं आत अर्धं बाहेर: हे चित्र ते हातवारे करून रंगवत. पितळ फुगत नाही. पितळ पुन्हा पुन्हा भरता येतं. बार झाल्यावर रिकामं काडतूस गवतात कुठे पडलं असेल ते शोधून आणायला आम्हाला पिटाळलं जाई. सापडलं की त्याच्या तोंडाशी ओठ लावून शीळ घालायची, हा आमचा मेहनताना. जळक्या दारूचा वास नाकात जायचा आणि संध्याकाळभर तिथेच राहायचा. रिकाम्यांची मोजणी आजोबा भरलेल्यांपेक्षा काटेकोर करत. एक कमी भरलं तर कंदील घेऊन स्वतः जात.

काडतुसं भरायचा दिवस मे महिन्यातलाच, तोही भर दुपारचा, कोरडी हवा बघून. पडवीच्या टोकाच्या खोलीत. आजी त्या दिवशी स्वयंपाकघरातला जाळ लवकर विझवायची आणि माजघरातून फिरताना उगीचच पदर सावरायची. पेटी घरात ठेवायला तिने कधीच संमती दिली नाही. पेटीची जागा गोठ्यापलीकडच्या दगडी कोठीत. "घर माझं, ती बला तुमची," असं ती म्हणे. वर्षातून एकदा ट्रंक उघडून तिला ऊन दाखवायचं, हेही तिनेच ठरवलेलं.

पुष्कळ वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचताना मला आजी आठवली. १७१५च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. त्यात गडकिल्ल्यांचं प्रकरण असं लिहिलंय की वाचणाऱ्याला गडावर नोकरी लागल्यासारखं वाटावं. दारूखाना सदरेजवळ नको, घरांपासून दूर हवा. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने यावं, दारू, बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावं. आणि पावसाळ्याची तजवीज: तोफांना तेल-मेण द्यायचं, तोफेचे काने मेणाने भरून टाकायचे. काना म्हणजे बत्ती द्यायचं भोक. तेवढं बुजवलं की सह्याद्रीतला पाऊस आत शिरत नाही. शत्रू पावसाळ्यात येणार नाही असं गृहीत धरून नव्हे. पाऊस उघडला त्या दिवशी तोफ वाजली पाहिजे म्हणून. लढायांची वर्णनं मी शाळेपासून वाचत आलो, पण स्वराज्याच्या तोफखान्याची मला खरी ओळख झाली ती या मेणाच्या बोळ्याने. दारूतला सोरा ओल धरतो. ओल धरली की दारू गुठळते, गुठळली की फुसफुसते. एवढ्यावर गड जातो.

आमच्या गावच्या खाडीवर जो किल्ला उभा आहे तो पोर्तुगिजांचा. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या आणि माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, तारापूर अशी ठाणी एकामागून एक पडत गेली. तारापूरला त्यांचे सरदार बाजी भिवराव पडले. मग वसई, आणि मे महिन्यात वसईही. वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत वसईकर पोर्तुगीज मुंबईच्या इंग्रजांकडे पैसा आणि दारूगोळा मागत होते आणि इंग्रज तारण मागत होते. चर्चमधली चांदी गहाण पडली, पितळी तोफासुद्धा. बार भरायला पैसे नाहीत म्हणून तोफच गहाण टाकायची, या व्यवहाराचा हिशेब कुणा कारकुनाने सुवाच्य अक्षरात मांडून ठेवला असेल. डहाणूच्या तटाशी उभं राहिलं की मला लढाई आठवत नाही, तो कारकून डोळ्यापुढे येतो. त्याच्याही घरी आगोटीची काहीतरी यादी असणार.

आजोबांच्या साठ्याला भरती आली ती एका वावडीने. चीनच्या लढाईच्या मागेपुढे कुणीतरी डहाणू रोड स्टेशनवर सांगितलं की आता सगळी दारू सैन्याला जाणार, शेतकऱ्याला केप म्हणून मिळायची नाही. खरं किती, खोटं किती, कुणी तपासलं नाही. त्या उन्हाळ्यात आजोबांनी परवान्यात बसेल तितकं सगळं आणलं. वडील सांगायचे, आजोबा मुंबईहून आले तेव्हा इतके खुशीत होते की त्यांनी आजीसाठी लुगडं आणायला विसरल्याचंही मोठ्याने सांगितलं.

टंचाई येणार म्हटलं की माणसाच्या अंगात एक निराळंच बळ येतं. नोव्हेंबर २०१६मध्ये, नोटाबंदीच्या त्याच आठवड्यात, मीठ संपणार अशी आवई उठली. दिल्लीकडून ती मुंबईत आली आणि तिथून आमच्याकडे. म्हणजे बघा, ज्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या मिठागरं आहेत, जिथे वाऱ्याने दाराच्या बिजागरीवरसुद्धा मीठ साचतं, तिथली माणसं मिठासाठी रांगेत. शेजारच्या वहिनींनी तेव्हा घेतलेल्या मिठाच्या पिशव्या पुढे किती दिवस पलंगाखाली होत्या. त्यावर बसून आम्ही हसत असू. त्याही हसत, पण पिशव्या कुणाला देत नसत.

२०२०च्या साथीत अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तिकडे तो हौसेने नेमबाजीच्या मैदानावर जातो, आणि तिथल्या पुष्कळ हौशी लोकांप्रमाणे रिकामी काडतुसं घरीच भरतो. ती ट्रंक त्याने कधी बघितलेली नाही, तरी हाताला तोच छंद. दुकानं रिकामी आहेत, म्हणाला. लोकांनी सगळं उचललंय. दारू कशीबशी मिळते, शिसं मिळतं, पितळ तर आपलंच असतं, अडतं केपेपाशी. ती घरी करता येत नाही. मग त्याने अगदी व्यवहारी सुरात विचारलं, "मामा, किती घेऊन ठेवावं असं तुला वाटतं?" मी त्याला म्हटलं, तुला नक्की किती महिन्यांची भीती आहे ते आधी सांग. तो गप्प झाला. मग म्हणाला, तेच तर कळत नाही ना.

आजीच्या यादीला महिने होते. किती माणसं, किती जेवणं, किती दिवस. सोडे संपायला आले की श्रावण आला. नारळी पौर्णिमेला ताजी मासळी घरात आली पाहिजे आणि सुकटीचा डबा तोवर तळाला लागलेला पाहिजे, अशी तिची गणती. गणपतीनंतर डब्यात सुकं राहिलं तर तिला ते कमीपणाचं वाटे. ती ते वाटून टाकी. आजोबांच्या पेटीचं उलटं. वर्षाअखेर पेटी जशीच्या तशी राहिली की ते समाधानाने झाकण लावत, आणि पुढच्या मे महिन्यात आणखी थोडं आणत. दोघांचं प्रेम घरावरच, दोघांची बेगमी एकाच महिन्यातली. पण आजीचा डबा रिकामा होण्यासाठी भरलेला असे. पेटीचं काय होण्यासाठी भरलेलं होतं, हे मला लहानपणी कळत नव्हतं आणि आजही मी ते ठामपणे सांगणार नाही.

कारण वटवाघळं आणि डुकरं एवढीच काही त्या पेटीची कारणं नसावीत. ऑक्टोबर १९४५मध्ये आमच्या भागात गवतकापणीचा संप होता. त्याच वर्षी मे महिन्यात झरीच्या सभेत वारली आदिवासींनी वेठ नाकारली होती. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होते. आणि मग एक निरोप पसरला: गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला या, हाताला येईल ते घेऊन या. निरोप खोटा होता. पण तो जंगलातून रातोरात गेला आणि हजारो माणसं कोयते, काठ्या घेऊन जमली. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या साऱ्या काळाचं जे लिहिलंय ते मी वाडीतच बसून वाचलं, चिकूखाली, आणि वाचता वाचता मला पुस्तकाच्या पानापेक्षा आमच्या ओटीचा खांब जास्त दिसू लागला. त्या खांबाच्या खुंटीला बंदूक असे.

आमची वाडी लहान, आजोबा काही जमीनदार नव्हते. पण बंदूक ओटीवर टांगलेली होती, कोठीत नव्हे, आणि ओटी पायवाटेकडे तोंड करून. बाजारला जाणारा पाडा त्याच वाटेने जाई. १९४५ साली काय झालं असं विचारलं की आजोबा, "झालं तेव्हा बरंच काही," एवढंच म्हणत आणि पानाचं तबक पुढे ओढत. काकांच्या वडिलांना मी हे कधी विचारलं नाही. ते ओटीच्या पायरीवर बसत, वर कधी बसले नाहीत. आज काका खुर्चीत बसतात, चहा पितात, ट्रॅक्टरच्या भाड्यावरून माझ्याशी कडाक्याचं भांडतात. मला ते भांडण आवडतं.

पेटीच्या शेवटाची गोष्ट साधी आहे. आजोबा गेले, परवाना वडिलांच्या नावावर आला. पण वडिलांना बंदुकीचा कंटाळा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर कशावर बार काढायचा याचीच यादी करावी लागे, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. दर निवडणुकीला ती नेऊन द्यायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायची. वर्षातून जिल्हा परिषद, विधानसभा, नगरपालिका काहीतरी असतंच. कोकणात दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, अजून कितीतरी शेतकऱ्यांकडे राखणीच्या ठासणीच्या बंदुका आहेत आणि आचारसंहितेच्या दिवसांत माकडं-डुकरं मोकळी सुटतात म्हणून ते दर वेळी करवादतात. वडील करवादले नाहीत. एकदा जमा केलेली बंदूक त्यांनी परत आणलीच नाही, रीतसर अर्ज करून टाकला.

पेटी उघडली तेव्हा दारूचा दगड झाला होता. केपांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलेलं. ठाण्याला कळवून ते सगळं नेऊ दिलं. नेणारा हवालदार पेटीपासून हातभर लांब उभा राहून सह्या घेत होता. आजी असती तर तिला तो पसंत पडला असता. पितळी काडतुसं मोडीत गेली. छर्रे राहिले होते, किलोंनी. शिसंच ते, नुसतं. ते चिंचणीकडच्या एका ओळखीच्या मांगेल्याने नेलं, वितळवलं, जाळ्याच्या तळाला लावायची वजनं ओतली. चीनच्या लढाईच्या भीतीने साठवलेलं शिसं पुढे कित्येक हंगाम पापलेटामागे फिरत होतं. आजोबांना हे सांगायची सोय असती तर ते काय म्हणाले असते, याच्यावर मी आणि वडील बरेच दिवस वाद घालत होतो. वडील म्हणायचे, चिडले असते. मला वाटतं, त्यांनी विचारलं असतं, किलोमागे काय दिलं?

हल्लीच्या मे महिन्यात डहाणूच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे उभं राहिलं की यादी पूर्वीसारखी सरळ होत नाही. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला झाली. समुद्रात भराव पडेल, जहाजांचे रस्ते आखले जातील, जाळी कुठे टाकायची ते बदलेल, असं किनाऱ्यावरची माणसं म्हणतात. काही विरोधात मोर्चे काढत आली, काहींच्या पोरांनी बंदरातल्या नोकरीसाठी अर्ज भरलेत. कधी कधी दोन्ही एकाच घरात. १९९१मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. ती अधिसूचना आमच्याकडच्या शिकलेल्या माणसांना एवढी तोंडपाठ आहे की लग्नाच्या पंगतीतही तिचा कलम-उपकलमांसह उल्लेख होतो. नाजूक म्हणजे काय, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

परवा बाजारात माझ्या नेहमीच्या मावशींकडे बोंबील घेताना एक तरुण जोडपं आलं. मुंबईचं असावं, वाडीत राहायला आलेलं. नवऱ्याने विचारलं, बंदर झालं की बोंबील मिळणार नाहीत म्हणतात, तर जास्त घेऊन ठेवू का, फ्रीजमध्ये टिकतील? विचारण्यात चेष्टा नव्हती, काळजी होती. आजूबाजूच्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी त्याला वरखाली बघितलं, टोपलीतले बोंबील एकदा हाताने परतले आणि म्हणाल्या, "घरात मानसं किती?"

"दोघंच."

"मग पाव किलो पुरे पौर्णिमेपातुर."

तो म्हणाला, नाही, मी पुढच्या वर्षांचं म्हणतोय, त्याच्याही पुढच्या. मावशींनी तराजू उचलला, पाव किलोवर चार बोंबील जास्तीचे टाकले आणि हात पुढे केला. "पुढच्या वर्साचा मलाच ठाव नाय, भाऊ. तुझी पिशवी कुठंय?"